शॉकअप बदलण्याआधी बुश कसे आवळले ते विचारा

तुमची गाडी अकरा वर्षांची, लहानशा खड्ड्यातही पुढून 'धप्प' आवाज, सिग्नलला एसी लावला की डॅशबोर्ड थरथरतो, आणि वर्कशॉप म्हणतंय चारही शॉकअप बदला. हे सगळं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. टायरची हवा, अलाइनमेंट वगैरे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझ्या गाडीलाही शॉकअप बदलायला लावले. सोबत लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) नवे बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे, टाकले, तेही ओरिजिनल. पावसाळा संपायच्या आत तोच आवाज परत. तक्रार घेऊन गेलं की "गाडी जुनी झाली साहेब, एवढं चालायचंच" आणि हातात नवं एस्टिमेट. सर्व्हिस ॲडव्हायझर गाडीत बसून एक चक्कर मारायलाही तयार नव्हता. याचा राग अजून गेलेला नाही.

खरं कारण गावाकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी दाखवलं. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच आवळले होते. बुशमध्ये आतली लोखंडी नळी बोल्टने जखडलेली असते, बाहेरचं कडं आर्ममध्ये ठोकलेलं, आणि मधलं रबर दोन्हींना चिकटलेलं. गाडी टांगलेली असताना आर्म खाली लोंबतो. तेव्हाच आवळलं, तर चाकं जमिनीला टेकताच रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी कडक चालते आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणून शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना). काम देण्याआधी हे स्पष्ट विचारा. नाक मुरडलं तर दुसरं गॅरेज शोधा. नंतर अलाइनमेंट मात्र करावीच लागते.

तुमचा 'धप्प' मला आधी स्टॅबिलायझर लिंक (वळताना गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला सस्पेन्शनशी जोडणारा छोटा दुवा) किंवा बुशचा वाटतो. लिंक तर स्वस्तच असते. शॉकअपमधून तेल गळत असेल तर ते बदला, पण एका ॲक्सलचे दोन्ही, म्हणजे पुढची किंवा मागची जोडी. (मी मेकॅनिक नाही, गाडी न बघता सांगतोय. बॉल जॉइंट, म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा सांधा, ढिला निघाला तर तो सुरक्षेचा प्रश्न आहे, गाडी चालवू नका.)

उभ्या गाडीतली थरथर बहुतेक इंजिन माउंटिंगची (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार), तीन सिलिंडरच्या गाडीत जास्तच जाणवते. पण आधी स्पार्क प्लग आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बघून घ्या. ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग. वेगासोबत वाढणारी घूं-घूं उजवीकडे वळताना मोठी झाली, तर डाव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या.

डॅम्पिंग शीटचा (आवाज कमी करायला पत्र्यावर चिकटवतात ती) खर्च लोक सर्वात आधी करतात, माझ्या मते तो सर्वात शेवटी करावा. त्याआधी टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. जुनं, कडक झालेलं रबर नक्षी शिल्लक असली तरी आवाज करतं. आणि गाडी वर उचललीच आहे तर सायलेन्सर टांगणारी रबरंही बघायला सांगा. ती तुटली की पाइप खाली आदळतो, आणि बऱ्याचदा त्याचाही दोष सस्पेन्शनवर जातो.