मूल पथक सोडतं, तेव्हा त्यानं जमवलेल्या पैशांचं काय?

शाळा सोडल्याचे दाखले निघायला लागले की या विषयावरची पत्रं वाढतात. घर बदललं, शाळा बदलली, मुलाचं स्काऊट-गाईडचं किंवा मंडळाचं पथकही बदललं. पण त्यानं जमवलेले पैसे जुन्या पथकातच राहिले. रक्कम सहसा दोन-पाच हजारांची असते. तरी तिच्यावरून माणसं दुखावतात, मुलं तर फारच. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर देतो आहे.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. आम्ही भवानी पेठेतून जुळे सोलापूरला राहायला आलो, त्यामुळे शाळा बदलली. जुन्या शाळेत ती गाईड होती, म्हणजे मुलींच्या स्काऊट पथकात. शिबिरासाठी मुलींनी दिवाळीत शेंगाचटणीची पाकिटं विकली, गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावला. वहीत तिच्या नावापुढे ४,३०० रुपये आहेत. आता पथकप्रमुख कॅप्टनबाई म्हणतात, पैसे परत मिळणार नाहीत. पोरीची मेहनत वाया गेली का?

ताई, तुमचा राग समजतो, पण मूळ मुद्द्यावर कॅप्टनबाईंचं बरोबर आहे. जत्रेच्या होम मैदानावर ज्यानं पाकीट घेतलं, त्यानं ते गणवेशातल्या मुली बघून घेतलं. 'गाईडच्या शिबिरासाठी आहे' हे ऐकून वरचे दहा रुपये सोडले. ते पैसे त्यानं तुमच्या घरी दिले नाहीत, कंपनीच्या, म्हणजे गाईड पथकाच्या, कामाला दिले. तुमची मुलगी ते गोळा करणाऱ्या हातांपैकी एक होती. वहीत तिच्या नावापुढे आकडा लिहिला म्हणून ती रक्कम तिची ठेव होत नाही. हे आधी कुणी समजावून सांगितलं नाही, ही मात्र कंपनीची चूक आहे.

पण त्या ४,३०० मध्ये काय काय मिसळलं आहे, ते नीट बघा. शिबिराची आगाऊ फी म्हणून तुम्ही खिशातून काही भरलं असेल, तर ते तुमचं. तिच्या नावानं खरोखर खर्च झालेली रक्कम, म्हणजे नोंदणी फी किंवा आधीच काढलेलं तिकीट, वजा करून बाकी परत मागा. शेंगदाणे, लसूण, पाकिटं तुम्ही घरून आणली असतील आणि ते पैसे मिळायचे राहिले असतील, तर तेही मागा. बिल असेल तर उत्तम. नसेल तरी साधा हिशेब लिहून द्या. उरलेली विक्रीची कमाई कंपनीची.

या कमाईसाठीही एक सरळ वाट आहे. मुख्याध्यापकांना अर्ज द्या की, मुलगी अमुक शाळेच्या गाईड कंपनीत दाखल झाली आहे, तिच्या शिबिरासाठी काही रक्कम त्या कंपनीला द्यावी. चेक एका कंपनीच्या खात्यातून दुसऱ्या कंपनीच्या खात्यात जावा, तुमच्या हातात नव्हे. गाईडचा पैसा गाईडच्या कामालाच गेला, असा हा व्यवहार होतो आणि कुणाला बोट ठेवायला जागा राहत नाही. जुन्या कंपनीवर तसं बंधन नाही. पण समजूतदार कॅप्टन नकार देईल असं मला वाटत नाही.

या पैशांपेक्षा मला तिच्या कागदांची जास्त काळजी वाटते. प्रवेशाची तारीख, पूर्ण झालेल्या सोपानांची (गाईडमधल्या टप्प्यांची) प्रमाणपत्रं, मिळवलेली पदकं, हे सगळं सहीशिक्क्यानिशी ताब्यात घ्या. तृतीय सोपान झाल्याचा कागद नसेल तर राज्य पुरस्काराच्या, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या, चाचणीला बसता येत नाही. कागद हरवला की दोन-तीन वर्षांची मेहनत पुन्हा सिद्ध करत बसावं लागतं. तो हक्क पूर्णपणे तिचा आहे आणि तो कुणी अडवू शकत नाही. फी भरणं जड जात असेल तर नव्या कॅप्टनशी मोकळेपणानं बोला. मुलीलाही खरं सांगा : तिनं कमावलेल्या पैशांतून तिच्या जुन्या मैत्रिणी शिबिराला जाणार आहेत. आठवीतल्या मुलीला हे कळतं आणि पटतंही.

प्रश्न : मी स्काऊट मास्तर आहे. प्रत्येक मुलाच्या नावे वेगळं पान ठेवतो. ज्यानं जितकी विक्री केली, तितकी त्याची शिबिराची फी कमी. मुलं जोमानं कामाला लागतात. यात गैर काय?

सर, तुमची तळमळ खरी आहे, पण ही पद्धत थांबवा. जमवलेला पैसा पथकाचा आणि फायदा मात्र ठरावीक घरांचा, असं त्यात होतं. अमेरिकेत हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला होता. व्हर्जिनियातल्या जिमनॅस्टिक्सच्या एका पालक-क्लबात विक्रीवर गुण मिळायचे आणि त्या गुणांइतका त्याच घरातल्या मुलाचा खर्च कमी व्हायचा. २०१३ साली तिथल्या कर न्यायालयानं सांगितलं की हा सार्वजनिक हिताचा नव्हे, खासगी फायद्याचा व्यवहार आहे, आणि क्लबची करसवलत गेली. त्यानंतर तिकडच्या स्काऊट पथकांतही अशा वैयक्तिक खात्यांबद्दल सावधगिरी आली. तो निकाल आपल्याला लागू नाही. पण धर्मादाय कामासाठी गोळा केलेला पैसा व्यक्तीच्या फायद्याला वापरू नये, हे तत्त्व आपल्या विश्वस्त कायद्यातही आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. सोलापुरात ही पद्धत कुणावर अन्याय करते, ते बघा. ज्याच्या वडिलांचं नवी पेठेत दुकान आहे, त्याची पन्नास पाकिटं गल्ल्यावर बसल्या बसल्या संपतात. नीलमनगरात राहणाऱ्या मुलाचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, आई विड्या वळते; तो कुणाला विकणार? शेजारीपाजारीही त्याच परिस्थितीतले. ज्याला सवलतीची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच पानावर सर्वांत कमी आकडा. मग तो शिबिराच्या आदल्या आठवड्यात 'पोटात दुखतं' म्हणून घरी राहतो. अशी पोरं मी पाहिली आहेत, आणि म्हणूनच इतकं आग्रहानं सांगतो आहे.

खरी कमाई म्हणजे मुलानं स्वतःच्या हातानं काम करून प्रामाणिकपणे मिळवलेले पैसे. कुणाच्या ओळखी किती, याची ती परीक्षा नव्हे. एकूण कमाईतून आधी सगळ्यांची फी सारखी कमी करा. थोडी रक्कम बाजूला ठेवून अडचणीतल्या मुलांना गुपचूप द्या. यादी वर्गात वाचू नका. भरपूर राबलेल्या मुलाला ध्वजवंदनाच्या वेळी पुढे बोलवा, त्याचं नाव घ्या. यंदा पालकांना शब्द दिलाच असेल, तर सभा बोलावून त्यांना विश्वासात घ्या, ३१ मार्चला ती पानं बंद करा आणि १ एप्रिलपासून नवा नियम लेखी लावा. मूल सोडून गेलं तर काय मिळेल, काय राहील, हे प्रवेशाच्या अर्जावरच दोन ओळींत छापा. निम्मे वाद तिथंच संपतील.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. तीन वर्षं एका मंडळाच्या लेझीम पथकात होतो. यंदा दुसऱ्या मंडळात चाललोय. पथकाला बक्षिसं मिळाली, बाहेरच्या सुपाऱ्याही मिळाल्या. माझा वाटा मागू का? शिवाय ते ड्रेस परत मागतायत.

बक्षीस पथकाला मिळालं, तुला नाही. त्यात वाटा नसतो. सुपारीच्या वेळी 'प्रत्येकी इतके देऊ' असं ठरलं असेल आणि ते दिले नसतील, तर ते तुझं राहिलेलं मानधन आहे, ते जरूर माग. ड्रेस आणि लेझीम मंडळाच्या पैशातून घेतलेले असतील तर धुऊन, इस्त्री करून परत दे. स्वतः पैसे भरून ड्रेस शिवला असेल तर तो तुझा, फक्त मंडळाचं नाव असलेली पट्टी काढून दे. मिरवणुकीत दोन्ही पथकं समोरासमोर येणारच आहेत. संबंध राखून जा.

प्रश्न : आमच्या ट्रेकिंग गटाचे पैसे एका पालकांच्या यूपीआयवर जमा व्हायचे. त्यांचा मुलगा आता दुसऱ्या गटात गेला. ते म्हणतात, 'मुलाचे वजा करून बाकीचे देतो.' चालेल का?

नाही. दुसऱ्याच्या वतीनं सांभाळलेल्या रकमेतून आपलं आपण कापून घ्यायचा अधिकार कुणालाच नाही. आधी पूर्ण रक्कम गटाकडे यावी. मग मुलाच्या फीचं काही देणं निघालं तर गटानं ते पावती घेऊन द्यावं. त्यांच्याकडून त्या काळाचं बँक स्टेटमेंट मागा. बाकीचे खासगी व्यवहार झाकून दिलं तरी चालेल. सूर शक्यतो सौम्य ठेवा. बहुतेक वेळा अशा माणसानं गटासाठी फुकट राबलेलं असतं आणि मनात लबाडी नसते. फोनवर बोलणं झालं तरी नंतर मेसेज करून ठेवा. मुदत देऊनही पैसे आले नाहीत, तर मात्र वकिलाची नोटीस पाठवायला कचरू नका.

आणि खासगी खात्यावर पैसे घेणं आजपासून बंद करा. माणूस सज्जन असला तरी त्याच्या खात्यात पडलेला पैसा कागदोपत्री त्याचाच दिसतो. उद्या त्याचं बरंवाईट झालं तर त्याच्या घरच्यांना काय सांगणार? गटाच्या नावानं बचत खातं काढा. त्यासाठी ठराव, पॅन आणि दोन सह्या लागतील. या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात.

प्रश्न : मंडळातले निम्मे युवक बाहेर पडलो, नवं मंडळ काढतोय. शिल्लक निम्मी मिळावी, अशी आमची मागणी आहे.

वर्गणीची शिल्लक म्हणजे भावाभावांतली शेती नाही, तिची वाटणी होत नाही. पावती ज्या मंडळाच्या नावानं फाडली, पैसा त्याच मंडळाचा. मंडळ विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेलं असेल, तर घटनेत तरतूद असल्याशिवाय कार्यकारिणी मनानं पैसे वाटू शकत नाही. नोंदणी नसेल तरी हिशेब देणं चुकत नाही : सार्वजनिक वर्गणीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नंतर जमाखर्चही द्यावा लागतो. तिथं 'निम्मे मित्रांना दिले' ही नोंद तुम्ही कशी दाखवणार?

तुमच्यापैकी कुणी मंडळाला हातउसने दिले असतील, कुणाचा साऊंडवाल्याला दिलेला अॅडव्हान्स अडकला असेल, तर ते नावनिशीवार लिहून मागा. जुन्या मंडळाची तुम्हाला मनापासून मदत करायची तयारी असेल, तर ढोल किंवा मांडवाचं जास्तीचं सामान ठराव करून देता येईल का, एवढं विचारा. नव्या मंडळासाठी मात्र नवं पावती पुस्तक छापा, परवानगी घ्या आणि गल्लीत पुन्हा दारोदार जा. जुन्या मंडळाचं नाव सांगून वर्गणी मागू नका. लोक विचारतील, तेव्हा आपण वेगळे झालो आहोत, हे पहिल्याच दारात स्पष्ट सांगा.