हेलसिंकीत हाताने केलेली पीराक्का कुठे मिळेल? (जरा लांबलचक उत्तर)

तुम्ही लिहिलंय की हेलसिंकीत येऊन चार महिने झालेत, सुपरमार्केटमधून कार्यालानपीराक्का (म्हणजे कारेलियाची पीराक्का, राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत मऊ भात भरून भाजलेली) तीनदा आणली आणि तिन्ही वेळा चिवट लागली, आता पुढच्या महिन्यात शाकाहारी सासूबाई येतायत आणि त्यांना खरी, हाताने केलेली खायला घालायचीये, तर दुकानाचं नाव सांगा. मी इथे चौदा वर्षं आहे आणि पीराक्का हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. नुसतं दुकानाचं नाव सांगून उपयोग नाही, कारण एकाच काउंटरवर सकाळी नऊला मिळते ती आणि दुपारी चारला मिळते ती यात खूप फरक असतो. ती लाटली कोणी आणि भाजली कधी, हे दोन प्रश्न विचारायला शिका, मग दुकान तुमचं तुम्हालाच सापडेल.

आधी सुपरमार्केटचं सांगते. तिथली बहुतेक फॅक्टरीतून फ्रोजन येते, दुकानातल्या ओव्हनमध्ये भाजतात आणि मग ती तासन्‌तास काचेच्या पेटीत पडून असते, त्यात रायच्या पिठाची पारी सुकून वातड होते. पाकिटावरच्या नावावर जाऊ नका. २००३ पासून कार्यालानपीराक्का हे नाव युरोपियन युनियनच्या पारंपरिक खाद्यपदार्थांच्या यादीत आहे, म्हणून त्या व्याख्येत न बसणारी रीसीपीराक्का म्हणजे भाताची पीराक्का अशा साध्या नावाने विकतात. पण नाव बरोबर असलं म्हणजे ती हाताने केलीय असं नाही, मशीनवर केलेलीलाही तेच नाव चालतं. तुम्हाला शब्द शोधायचाय तो कॅसिनतेह्तू, म्हणजे हाताने केलेलं.

आणि पाटीपेक्षा कडांवर विश्वास ठेवा. मला एकदा एका काउंटरवर हाताने केलेल्या म्हणून दिल्या आणि घरी येऊन बघते तर सहाच्या सहा जणींच्या चुण्या मोजून मापून एकसारख्या. आपल्या करंजीची मुरड आठवा, दोन बायकांची मुरड कधी सारखी असते का? तसंच इथे. हाताने केलेलीच्या चुण्या कुठे दाट कुठे विरळ असतात, एखादी जरा लांबट, एखादी गोलसर असते, आणि पारी इतकी पातळ की खालून भाजल्याचे काळपट डाग दिसतात. ती लाटायचं लाटणं आपल्या पोळीच्या लाटण्यासारखंच बारीक, टोकांना निमुळतं असतं, त्याला पुलिक्का म्हणतात. मला ते पहिल्यांदा हातात घेतल्यावर इतकं ओळखीचं वाटलं!

हे शिकवलं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी. त्यांचे आईवडील कारेलियातले, म्हणजे फिनलंडच्या पूर्वेकडच्या प्रांतातले. १९३९ ते १९४४ मधल्या दोन युद्धांनंतर कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत युनियनकडे गेला आणि चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून फिनलंडभर विखुरली, त्यांच्याबरोबर ही पीराक्काही सगळीकडे पोचली, त्याआधी ती मुख्यतः पूर्वेकडचीच होती. आजी सांगायच्या की त्यांच्या आईने नव्या गावात सामान लावायच्या आधी शेजाऱ्यांना पीराक्का नेऊन दिल्या होत्या. म्हणून मी म्हणते, ही विद्या दुकानांपेक्षा घरांत जास्त आहे, आणि शोधायचं असेल तर घरगुती करणाऱ्या माणसांपर्यंत पोचायचं.

आता जागा. पहिली हाकानिएमीची मंडई, हाकानिएमेन काउप्पाहाल्ली, मेट्रोतून उतरलात की समोरच. १९१४ ची इमारत, मध्ये बरीच वर्षं डागडुजीसाठी बंद होती, २०२३ मध्ये परत उघडली. बंदराजवळची जुनी मंडई पण सुंदर आहे पण तिथे टुरिस्टची गर्दी फार, हाकानिएमीला आसपासचे लोक रोजची खरेदी करायला येतात आणि मला तिथेच जास्त बरं वाटतं. शनिवारी सकाळी लवकर जा, बेकरीच्या काउंटरवर विचारा "तॅनॅन पाइस्तेत्तु?" म्हणजे आज भाजलीय का. उत्तर देताना बाई थबकली की पुढच्या काउंटरवर जा. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाहेरच्या चौकात गावाकडच्या लोकांचा बाजार भरतो, तोही बघा.

दुसरी म्युयाइसेत, म्हणजे शाळा, चर्च आणि महिला मंडळांची विक्री, नोव्हेंबर डिसेंबरमध्ये तर प्रत्येक पेठेत असते. मार्ता नावाची बायकांची जुनी संघटना आहे, १८९९ पासूनची, त्यांचं टेबल दिसलं तर सरळ तिकडे वळा, पण लवकर, कारण पीराक्का सगळ्यात आधी संपतात. तिसरी रेको, फेसबुकवरचे ग्रुप आहेत, शेतकरी आणि छोटे बेकरीवाले तिथे काय आहे ते टाकतात, आपण ऑर्डर द्यायची आणि ठरलेल्या वेळी पार्किंगमध्ये जाऊन घ्यायची. तिथे करणाऱ्याशीच बोलता येतं, हा मोठा फायदा. काही जण न भाजलेल्या फ्रोजनही देतात, सासूबाई येणार म्हणजे त्याच जास्त घेऊन ठेवा, घरी कडक तापलेल्या ओव्हनमध्ये भाजल्या की ताज्याच.

शाकाहाराचं नीट सांगते. पारीत रायचं पीठ, पाणी, मीठ, थोडा मैदा; आत दुधात शिजवलेला मऊ भात, साखर नाही, थोडंसं मीठ, अगदी आपला गुरगुट्या भात. वरून लोणी लावतात. पण काही जण भातात अंडं घालतात, म्हणून "ओन्को तॅस्सॅ कानानमुनाआ?" असं विचाराच. आणि बरोबर जे पिवळं पिवळं देतात ते मुनावोइ, उकडलेलं अंडं लोण्यात कालवलेलं, ते त्यांना नको, नुसतं लोणी लावून द्या. बटाट्याची पेरुनापीराक्का मिळाली तर घ्याच, ती सासूबाईंना नक्की आवडेल. लिहापीराक्का मात्र नाव सारखं वाटलं तरी खिम्याची तळलेली, आणि कुओपिओची कालाकुक्को म्हणजे रायच्या जाड पावात भाजलेले मासे आणि डुकराची चरबी. ती बाहेरून साध्या काळ्या पावासारखी दिसते म्हणून खास सांगतेय.

गरम करताना मायक्रोवेव्ह नको, तुमची चिवट होण्यामागे निम्मं कारण तेच असणार. ओव्हनमध्ये किंवा मंद आचेवर तव्यावर चार पाच मिनिटं, मग लोणी, आणि फडक्याखाली झाकून जराशी मुरू द्या, आजी तसंच करायच्या, त्याने कडा मऊ पडतात.

आणि जमलं तर हेलसिंकीच्या कॅप्युला भागातल्या कार्यालातालोत, म्हणजे कारेलिया भवनात विचारा. कारेलियाच्या लोकांची १९४० साली स्थापन झालेली संस्था आहे, ती तिथे असते, आणि ते लोक पीराक्का करायचे कोर्स घेतात. सासूबाईंना करंजीची मुरड घालता येत असेल तर त्यांनाही घेऊन जा, तिथे दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी कड उचलून चुण्या घालायला शिकवतात, भाषा येत नसली तरी बघून जमतं. घरी करायची झाली तर बासमती वापरू नका, पुउरोरीसी नावाचा चिकट तांदूळ कुठल्याही दुकानात मिळतो, मी एकदा पुण्याहून आणलेला इंद्रायणी घातला होता आणि आजींनी दोन मागून घेतल्या.