थांबायचं कुठे, सांगायचं कुठे

प्रश्न : दुचाकीच्या अपघातात माझ्या नवऱ्याच्या डोक्याला मार लागला, त्याला आता अकरा महिने झाले. वय 43. ते चालतात, बोलतात, वर्तमानपत्रही वाचतात. भेटायला येणारे म्हणतात, 'अगदी पहिल्यासारखे झालेत.' पण सांगितल्याशिवाय ते काहीच करत नाहीत. ब्रश हातात दिला तर तो धरून बेसिनपाशी पंधरा मिनिटं नुसते उभे राहतात. डाव्या हातात अजून ताकद नाही. दिवसभरासाठी एक मदतनीस मुलगा ठेवला आहे. तो आधी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे कामाला होता. मनाने चांगला आहे, पण सगळं स्वतःच उरकून टाकतो आणि मला म्हणतो, 'काकू, साहेब आळशी आहेत.' त्याला शिकवायचं कसं? एखादा कोर्स करायला लावू का?

उत्तर : 'साहेब आळशी आहेत' हे वाक्य ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी) म्हणून 26 वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की आधी विचारते, मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती का? कपाळामागचा हा भाग, फ्रंटल लोब, मनात आलेलं काम प्रत्यक्ष सुरू करून देतो. तो दुखावला की काय करायचं ते माणसाला कळत असतं, अंगात बळही असतं, पण सुरुवातच होत नाही. इंजिन ठणठणीत, स्टार्टर गेलेला. (नैराश्यही वरून असंच दिसतं आणि अशा दुखापतीनंतर ते पुष्कळांना येतं. म्हणून हे एकदा डॉक्टरांच्या कानावर घालाच.)

त्या मुलावर रागावू नका. खिळलेल्या रुग्णाचं सगळं झटपट आणि स्वच्छ करून देणं हीच त्याची आजवरची हुशारी होती. इथलं काम उलटं आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. कोर्सला जरूर पाठवा. तिथे तो उचलणं, कूस बदलणं, रक्तदाब मोजणं शिकेल. पण तुमच्या नवऱ्याचा स्टार्टर कशाने लागतो, ते तुमच्या बेसिनपाशीच शिकावं लागेल.

माझ्याकडे नवीन मदतनीस आला की पहिल्या दिवशी मी व्याख्यान देत नाही. त्याला उजवा हात पाठीमागे घ्यायला लावते आणि बटणांचा शर्ट घालायला सांगते. रेडिओ मोठ्याने लावते. मग मी आणि माझी सहकारी दोघी एकदम सूचना सुरू करतो. 'आधी बाही घाल', 'अहो कॉलर बघा', 'आटपा, उशीर झालाय'. तिसऱ्या बटणापर्यंत बहुतेक जण वैतागतात. एकाने तर शर्ट माझ्या अंगावर फेकला होता. मग मी विचारते, आम्ही काय केलं असतं तर तुला जमलं असतं? उत्तर ठरलेलं : 'गप्प बसला असतात तर.' तो हे स्वतःच्या तोंडाने बोलला की माझं निम्मं काम झालेलं असतं. तुम्हीही त्याच्यासोबत हे करून बघा, आणि एकदा स्वतःवरही.

शर्टाचं निघालंच आहे म्हणून सांगते. घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना तो सगळ्यात शेवटी. आणि उठवताना त्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही. आधाराचे स्नायू ढिले असले की खांदा जागचा सरकतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरतं.

आता ब्रशकडे येऊ. मुलाला सांगा, ब्रश दिल्यावर स्वतःचे हात पाठीमागे धरायचे. अक्षरशः धरायचे, कारण मोकळे हात आपोआप पुढे जातात. मनात दहापर्यंत मोजायचं. काही झालं नाही तर नुसतं ब्रशकडे बोट करायचं. मग एकच शब्द, 'दात'. मग कोपराला हलका स्पर्श. आणि तरीही नाही, तरच त्यांच्या हातावर हात ठेवून सुरुवात करून द्यायची आणि त्यांचा हात चालू लागला की आपला काढून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पायरीपासून. एका आठवड्यात एवढं एकच काम घ्या. आधी तुम्ही करून दाखवा, मग दोघांनी मिळून, मग तो करेल आणि तुम्ही बघाल. 'कळलं का?' असं विचारू नका, सगळेच 'हो' म्हणतात. 'आता मला शिकव' म्हणा.

मात्र थांबणं हे सगळीकडचं औषध नाही, आणि इथे मी स्वतः चुकले आहे. नवीन असताना विसरणाऱ्या रुग्णांना मी 'आठवून बघा, जमेल, काहीतरी सांगा' असं टोकत बसायचे. कपाट कुठलं, तर ते तीन चुकीची दारं उघडायचे, मग मी चौथं दाखवायचे. दुसऱ्या दिवशी ते नेमकं तेच चुकीचं दार उघडायचे. पुढे ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांचा 1994 चा अभ्यास वाचनात आला आणि ओशाळले. आपल्याला चूक 'चूक' म्हणून लक्षात राहते. ज्याची स्मृती अधू झाली आहे त्याला ती चूक होती एवढंच आठवत नाही. हाताला मात्र तिचीच सवय लागते. म्हणून नवीन गोष्ट शिकवताना अंदाज बांधायला लावायचंच नाही. आधी उत्तर सांगायचं, बरोबर तेच करून घ्यायचं आणि मदत हळूहळू कमी करायची.

तेव्हा मुलाच्या डोक्यात हा फरक बसवा : माहीत आहे पण सुरू होत नाही, तिथे थांबायचं. माहीतच नाही, तिथे चटकन सांगायचं. तो गोंधळेल. आम्हीही गोंधळतो.

आणि दिवसाचा क्रम बदलू देऊ नका, पाहुणे आले तरी. 1848 साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासताना फिनीस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून मीटरभर लांबीची, सहा किलोची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा स्वभाव पालटला, हे सगळे सांगतात. पुढे चिलीत त्याने कित्येक वर्षं घोड्यांची प्रवासी गाडी हाकली, हे फारसं कोणी सांगत नाही. ठरलेली वेळ, ठरलेली वाट. माझ्या मते त्याला त्या वाटेनेच सावरलं.

एक गोष्ट मात्र आजच शिकवा. डोक्याच्या मारानंतर कधीही फिट येऊ शकते. आली तर घड्याळ बघायचं, आजूबाजूचं टोकदार सामान हटवायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका.

प्रश्न : मी 24 वर्षांचा मदतनीस आहे. मेंदूज्वरातून उठलेल्या एका आजींची देखभाल करतो. सकाळी त्या मला 'बाळा' म्हणतात, संध्याकाळी शिव्या देतात. काल 'माझं घड्याळ तूच चोरलंस' म्हणाल्या. घड्याळ त्यांच्या हातातच होतं. उलट उत्तर द्यावं की गप्प बसावं?

उत्तर : दोन्ही नको. वाद घातला तर तू चोर आणि वर उद्धट. गप्प बसलास तर तुला कबूल आहे असं त्यांना वाटेल. 'घड्याळ दिसत नाही म्हणून काळजी वाटतेय ना, चला, बघू या' असं म्हण आणि त्यांच्यासोबत शोध. स्मृतीतली भोकं मेंदू स्वतःच्या गोष्टीने बुजवतो. त्या खोटं बोलत नाहीयेत, त्यांना ते खरंच वाटतंय.

पण हे घरच्यांना त्याच दिवशी सांगून ठेव, तुझ्या बचावासाठी. आठवड्याची सुट्टीही हक्काने माग. थकलेल्या माणसाचा आवाज चढतो, तुझाही चढेल.

संध्याकाळच म्हणतोस, म्हणजे मला थकव्याची शंका येते. जखमी मेंदूला साधं बोलणं ऐकायलाही जास्त कष्ट पडतात आणि दिवस मावळेपर्यंत शिल्लक काही उरत नाही. आंघोळ, व्यायाम, भेटीगाठी सकाळी उरक, दुपारी अंधाऱ्या खोलीत तासभर पडू दे. आणि आठवडाभर वहीत नोंद ठेव. 'चिडल्या' एवढंच लिहू नकोस. त्याआधीच्या अर्ध्या तासात खोलीत कोण होतं, टीव्ही चालू होता का, त्या शौचाला कधी जाऊन आल्या होत्या, आणि तू त्यांच्याशी कोणत्या बाजूने बोलायला गेलास, तेही लिही. वही भरली की मला पुन्हा पत्र पाठव.