वजन सारखं, रंग वेगळा

प्रश्न : लेकीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिला पिवळ्या खड्यांचे टॉप्स हवेत, म्हणून नेहमीच्या सराफांकडून सुनेल्याचे, म्हणजे पिवळ्या सिट्रिनचे, दोन अंडाकृती खडे निवडून आणले. दोन्ही २.३५ कॅरटचे, एका सेंटचाही फरक नाही. दुकानात जुळे वाटत होते. घरी गॅलरीत नेऊन पाहिले, तर एक मधासारखा आणि दुसरा लिंबाच्या सरबतासारखा! आम्ही फसलो का? की बसवल्यावर फरक कळणार नाही? — एक आई, सातारा

उत्तर : ताई, फसवणूक म्हणणार नाही मी, पण खडे परत करा. बसवल्यावर फरक कळेल. आहेर आणणारी पहिली मावशीच म्हणेल, ‘अगं, एक कानातलं फिकं दिसतंय का?’

वजनावरून जोडी लावणं ही सगळ्यात सोपी चूक आहे. खड्याचं वजन त्याच्या पोटात लपतं. एकाचं पोट खोल असेल तर तो तोंडाला लहान आणि रंगाला गडद दिसतो. दुसरा पसरट कापलेला असेल तर तो मोठा दिसतो, पण मधोमध उजेड आरपार निघून जातो आणि तिथे खडा पाण्यासारखा रिकामा वाटतो. काट्यावर मात्र दोघे भाऊ-भाऊ. त्यात दुकानातले ते पिवळसर दिवे! त्यांच्याखाली सगळेच सुनेले राजबिंडे दिसतात.

नवी जोडी पाहायला जाल तेव्हा खडे दुकानाच्या दाराशी आणायला सांगा. सकाळी दहा-अकराचा उजेड असावा, थेट ऊन नको. पांढऱ्या कोऱ्या कागदावर दोन्ही शेजारी ठेवा. आधी सुलटे पाहा, मग उलटे, टेबल म्हणजे खड्याचा वरचा सपाट भाग खाली करून. सुलट्या खड्यात चमक डोळ्याला फसवते, उलट्यात नुसता रंग दिसतो. मग जागांची अदलाबदल करा. मघाशी गडद वाटलेला डावीकडे गेल्यावर फिका झाला, तर दोष उजेडाचा होता, खड्याचा नाही. आता खडे वर्तमानपत्रावर सुलटे ठेवा. एकातून बारीक टाइप वाचता येत असेल आणि दुसऱ्यातून नाही, तर ती जोडी नव्हे. शेवटी पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन दोन्ही बुडवून बघा. काही सुनेल्यांत रंग पट्ट्यांनी आलेला असतो, तो पाण्यात उघडा पडतो. एकाला पट्टा आणि दुसरा एकसारखा, असं असेल तर नको म्हणा.

आमचे अण्णा कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, जडावकाम करायचे. जोडी ठरवताना ते मेणाच्या दोन गोळ्यांनी खडे माझ्या कानांच्या पाळ्यांना चिकटवायचे आणि मला उंबऱ्यात उभं करायचे. ‘मान डावीकडे… आता उजवीकडे… हस जरा.’ मी सात-आठ वर्षांची, मला तो खेळ वाटायचा. पण त्यात मोठं शहाणपण होतं. कानातले कुणी भिंगातून पाहत नाही, दोन हातांवरून पाहतात, आणि मधे अख्खा चेहरा असतो. त्या अंतरावरून आतली बारीकशी रेघ दिसत नाही, आकारातला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा फरक दिसत नाही. रंगाची खोली मात्र दिसते. शिवाय मधे रिकाम्या कापलेल्या खड्यातून मागचं सगळं दिसतं, पाळी असेल तर पाळी, केस असतील तर केस. म्हणून मी आकारात थोडं इकडेतिकडे चालवून घेते, रंगात नाही. तुम्हीही लेकीला मेण लावून दारात उभी करा, मग संध्याकाळी हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली. ती लाजेल, पण करेल.

एकाच कच्च्या दगडातून कापलेली जोडी मिळाली तर उत्तम. जयपूरचा माल ठेवणारे व्यापारी असे खडे जोडी म्हणूनच पुडीत बांधून ठेवतात. दोन सुट्या खड्यांपेक्षा थोडे जास्त पैसे पडतील, पडू द्या. हिऱ्यात तडजोड केलेली मी समजू शकते, सुनेल्यात कशाला करायची?

आता बसवण्याचं. पूर्वी फिक्या खड्याखाली रंगीत डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा, घालून तो गडद भावाच्या बरोबरीला आणायचे. तुमच्या सराफांनी हा उपाय सुचवला तर हात जोडा. बंद कोंदणात एकदा पाणी शिरलं की डांक काळवंडते, आणि लेक तर केस धुताना टॉप्स काढणार नाही. पाठ उघडी ठेवा. भोवती पट्टीचं कोंदण हवं असेल तर २२ कॅरटचं सोनं चालेल. चार नख्यांत, म्हणजे प्राँगमध्ये बसवणार असाल तर १८ कॅरट घ्या. २२चं सोनं मऊ, नखी ओढणीत अडकून उचलली जाते. दोन्ही घरं एकाच कारागिराने, एका बैठकीत करावीत. एक खडा वर आणि एक खोल बसला तर सारखे रंगही वेगळे दिसतात. पिवळ्या सोन्याची झाक सुनेल्याला मानवते, पांढऱ्या सोन्यात तो जरा आजारी दिसतो. हे माझं मत, लेकीचं वेगळं असू शकतं.

आणि हो, बिल. दोन खडे मिळून ४.७० कॅरट म्हणजे ०.९४ ग्रॅम. ते सोन्याच्या भावात मोजले गेले तर जवळजवळ एक ग्रॅम सोन्याचे पैसे तुम्ही दगडाला मोजाल. एकूण वजन, खड्यांचं वजन आणि निव्वळ सोनं अशा तीन ओळी वेगळ्या लिहून घ्या.

प्रश्न : मला गुरूसाठी पुष्कराज घालायला सांगितला होता. अंगठी केली, पण भाऊजी म्हणतात हा सुनेला आहे. घरच्या घरी कसं ओळखावं? — एक वाचक, नांदेड

उत्तर : घासून, खरवडून मुळीच पाहू नका, खडा कुठलाही असो, खराब होईल. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, त्याचा कठीणपणा दहाच्या मापावर ९. सुनेला क्वार्ट्‌झ, त्याचा ७. सुट्या खड्यांत वजन बोलतं : तेवढ्याच मापाचा, तशाच कापाचा पुष्कराज सुनेल्याच्या साधारण दीडपट भरतो. पण तुमचा जडवलेला आहे, तेव्हा रत्नपरीक्षा करणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला काढा. बिलावर नुसतं ‘पिवळा खडा’ लिहिलं असेल तर भाऊजींचं म्हणणं बहुधा खरं निघेल. गुरूचं काय ते मला विचारू नका, तो माझा प्रांत नाही.

प्रश्न : सुनेल्याच्या कुड्यांपैकी एकीची दांडी तुटली. सोनाराने खडा न काढताच ती झाळून दिली. आता खड्यात पिसासारखी चीर दिसते. आधी नव्हती. तो म्हणतो, दगडातच होती. — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चीर तावानेच आली असावी. बाजारातला बहुतेक सुनेला हा मुळात जांभळा अ‍ॅमेथिस्ट असतो, तो चारशे-पाचशे अंशांवर तापवून पिवळा करतात. ते काम सावकाश होतं, हळूहळू तापवायचं, हळूहळू निववायचं. सोनं झाळायला त्याहून पुष्कळ जास्त ताव लागतो, तोही क्षणात, आणि वर तापलेला दागिना तेजाबाच्या पाण्यात टाकतात. त्यात काच तडकते तसा क्वार्ट्‌झ तडकतो. क्वचित रंगही जातो. खडा आधी काढायचा, दांडी जोडायची, मग पुन्हा बसवायचा, हाच क्रम.

चीर बुजत नाही. दुसरा खडा शोधायला जाताना शाबूत कुडीच घेऊन जा, फोटो पाठवू नका. मोबाइलचा कॅमेरा पिवळ्याचा केशरी करतो. तीन-चार दुकानं फिरूनही जुळला नाही, तर दोन्ही खडे बदला. शाबूत राहिलेल्याचं पेंडंट छान होईल.