कला शाखेच्या शिक्षिकेने उन्हाळी सुट्टीत विज्ञानाचं प्रशिक्षण करावं का?

मॅडम, तुम्ही चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवता. बारावी कला, मग डी.एड. परिसर अभ्यासातले विज्ञानाचे पाठ घेताना धाकधूक होते, म्हणून विचारताय की मे महिन्याची सुट्टी त्यासाठी खर्ची घालावी का. मी धुळे जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. अशा प्रशिक्षणांत शिकायला बसलोय, आणि सुलभक म्हणून, म्हणजे इतर शिक्षकांचं सत्र घ्यायला, उभाही राहिलोय.

जरूर करा. फक्त नाव देण्याआधी एक चौकशी करा: तिथे प्रयोग कोण करणार? तज्ज्ञ पुढे पीपीटी लावणार आणि आपण वहीत उतरवून घेणार असं असेल, तर सुट्टी घरी घालवलेली बरी.

एक उदाहरण देतो. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. का? हॉलमधले बहुतेक शिक्षक सांगतात, ऑक्सिजन संपला, तो हवेत एक पंचमांश असतो, तेवढी जागा पाण्याने घेतली. आता त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावायच्या. ग्लास तोच, ऑक्सिजनही तेवढाच, मग पाणी तेवढंच चढायला हवं ना? ते जास्त चढतं! शिवाय ज्योत जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझता विझता झपकन वर येतं. इथून खरा वर्ग सुरू होतो. ग्लास टेकवताना कडेने बुडबुडे निघाल्याचं कुणीतरी सांगतं. मग हळूहळू जुळत जातं: गरम हवा फुगून बाहेर गेली, उरलेली गार होऊन आकसली. या चर्चेत कला शाखेचे शिक्षक मागे पडलेले मी पाहिले नाहीत. पाठ केलेलं उत्तर डोक्यात नसलं की माणूस बशीकडे नीट बघतो.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. १९७० च्या दशकात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने रावेर तालुक्यातल्या खिरोद्याच्या परिसरात प्राथमिक शाळांबरोबर काम केलं. सातपुड्यापलीकडे होशंगाबादला १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत (सहावी ते आठवी) प्रयोगातून विज्ञान सुरू झालं, आणि तिथले शिक्षक उन्हाळ्यात एकत्र जमून विद्यार्थ्यांसारखे स्वतः प्रयोग करत.

उन्हाळ्याचा आपल्याला एक खास फायदाही आहे. सूर्य रोज दुपारी १२ ला डोक्यावर येतो, असं आपण मुलांना बिनधास्त सांगतो. जळगावला तो बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, २५ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. तुमचा चोपडा थोडा उत्तरेला, म्हणून मे महिन्यात एखाद-दोन दिवस उशिरा. वेळही १२ ची नसते, मेमध्ये ती सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान असते. जुलैत ढग असतात आणि मेमध्ये शाळेला सुट्टी, त्यामुळे हा शून्य सावलीचा क्षण (सरळ काठीची सावली दिसेनाशी होते तो) शिक्षकांनी एकत्र बघावा असा प्रशिक्षणाचाच काळ आहे. अंगणात एक काठी ओळंब्याने सरळ रोवा, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. ऊन ४४-४५ अंशांचं असतं, तेव्हा डोक्याला रुमाल बांधा आणि दोघी-दोघींनी पाळी लावा.

डायट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) किंवा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रशिक्षणं असतील तर केंद्रप्रमुखांकडे वेळापत्रक मिळेल. वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण मात्र वेगळं, १२ वर्षांच्या सेवेनंतरचं. ते लागेल तेव्हा कराच, पण विज्ञानाची भीती जाण्यासाठी त्यावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या वर्गात अहिराणी बोलणारी मुलं असतील, पाड्यावरची पावरी बोलणारीही असतील. प्रशिक्षणात गटकार्य मिळालं की प्रश्न त्यांच्या बोलीत कसा विचारायचा याचा सराव करा, तिथे ती बोली येणारा एखादा शिक्षक हमखास भेटतो. "बाष्पीभवन म्हणजे काय?" असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. ओलं फडकं सावलीत का वाळतं, माठातलं पाणी गार का होतं, हे घरच्या बोलीत विचारा, मुलं एकमेकांना बोलू देणार नाहीत.

तुमच्या प्रशिक्षणाचं वेळापत्रक हाती आलं की इथेच टाका, त्यातल्या कोणत्या सत्राला आवर्जून बसावं ते सांगेन.