कोरोमॉन माफी का मागतो?

‘मॅडम, मी ३३ वर्षांचा आहे. मला सहा वर्षांची मुलगी आहे. आणि रात्री सगळे झोपले की मी हेडफोन लावून डिजिमॉन बघतो.’

एवढं बोलून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले ते गृहस्थ गप्प झाले. व्यसन कबूल करताना माणसाचा आवाज जसा खाली जातो तसा त्यांचा गेला होता. मग हळूच विचारलं, ‘माझं काही बिघडलंय का? मी मोठाच झालो नाही का?’

ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत आणि लिहायची परवानगी त्यांनी स्वतः दिली आहे. हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकला आहे, म्हणून लिहिते आहे. कुणाचं कार्टून वेगळं, कुणाचा राक्षस वेगळा, पण लाज तीच. नोकरी सांभाळणारी, घर चालवणारी माणसं लहानपणच्या एखाद्या राक्षसांच्या मालिकेकडे पुन्हा पुन्हा जातात आणि ते बायकोपासून, नवऱ्यापासून, मित्रांपासून लपवतात.

आधी सरळ उत्तर देते. नाही, यात काही बिघडलेलं नाही. मी काळजी करते ती वेगळ्या खुणा दिसल्या तर. बघण्यापायी रोजची झोप जाते आहे, कामं अडली आहेत, माणसं टाळली जात आहेत, किंवा बघूनही काहीच वाटत नाही, सगळंच बेचव झालं आहे, असं दोन-दोन आठवडे चाललं असेल तर तो प्रश्न कार्टूनचा नसतो. मागे नैराश्य असू शकतं आणि त्याकडे वेगळं बघावं लागतं. या गृहस्थांचं तसं नव्हतं. आठवड्यातून एखादी रात्र, एखाद-दोन भाग. डोळे भरून यायचे आणि मग शांत झोप लागायची.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. त्यांची लाज कमी व्हावी म्हणून मी स्मरणरंजनाबद्दल बोलायला लागले. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने घडवला, तोही घराच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या आजाराचं नाव म्हणून, आणि आज आपण त्याला आजार मानत नाही, असं सगळं सांगितलं. खरं होतं सगळं. ते मान हलवत ऐकत राहिले. पण ते गेल्यावर जाणवलं की हा माणूस काय बघतो, हे मी विचारलंच नाही. ‘अजून का बघता’ या प्रश्नाभोवतीच आम्ही दोघं फिरत होतो आणि त्या प्रश्नात आरोप असतो, कितीही गोड आवाजात विचारला तरी.

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, ‘बघताना तुमचा हात कुठे थांबतो? मागे नेऊन पुन्हा कुठला प्रसंग बघता?’

उत्तराला क्षणही लागला नाही. ‘१६वा भाग.’

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डिजिमॉन म्हणजे डिजिटल मॉन्स्टर. १९९७ मध्ये जपानच्या बांदाई कंपनीने हातात मावेल असं एक खेळणं काढलं. छोट्या पडद्यावरच्या राक्षसाला खाऊ घालायचं, त्याची घाण काढायची, त्याला झोपवायचं. सांभाळ कसा होतो त्यावर तो पुढे कोणतं रूप घेणार हे ठरायचं. हेळसांड झाली तर रूपही तसंच मिळायचं. त्यावरून १९९९ च्या मार्चमध्ये पहिली मालिका आली, ५४ भागांची. उन्हाळी शिबिराला गेलेली सात मुलं एका डिजिटल जगात जाऊन पडतात. तिथे प्रत्येकाला एक राक्षस भेटतो, जो त्याचीच वाट बघत असतो. मुलावर संकट आलं की राक्षस मोठं रूप घेतो आणि लढून दमला की पुन्हा लहान होतो. त्या मुलांचा म्होरक्या ताइची, कपाळावर गॉगल चढवलेला, आणि त्याचा साथीदार अगुमॉन.

‘मी ताइची होतो,’ ते म्हणाले. ‘पोहण्याचा गॉगल कपाळावर लावून घरभर फिरायचो.’

‘पोहण्याचा’ हा शब्द मी मनात ठेवला आणि म्हटलं, ‘मला तो भाग सांगा. मी पाहिलेला नाही असं समजा.’

हे मी मुद्दाम करते. माणूस गोष्ट कशी सांगतो, कुठे घाई करतो, कुठे रेंगाळतो, कुणाचं नाव घेत नाही, यात मला बरंच सापडतं. त्यांनी सांगितलं ते असं. ताइचीला वाटतं, पुढच्या शत्रूपुढे अगुमॉन कमी पडेल, त्याने आणखी वरचं रूप घेतलंच पाहिजे. म्हणून तो त्याला बळेबळे खाऊ घालतो. पोट फुटेस्तोवर. लढाई सुरू होते तरी ते रूप येत नाही, तेव्हा ताइची स्वतःच शत्रूच्या समोर धावत जातो. मी संकटात आलो की याला बदलावंच लागेल! आणि तो बदलतो, पण होतो स्कलग्रेमॉन. प्रचंड सांगाडा, ज्याला मित्र-शत्रू काही कळत नाही. दिसेल त्याच्यावर तो धावून जातो. शेवटी अंगातलं बळ संपतं आणि तो कोलमडतो, अगुमॉनपेक्षाही लहान होऊन. गुलाबी, गोळ्यासारखा कोरोमॉन.

‘लहानपणी सगळ्यांना सांगायचो की मला स्कलग्रेमॉन आवडतो,’ ते म्हणाले. ‘पण मी मागे नेतो ते तिथे नाही. कोरोमॉन सॉरी म्हणतो, तिथे.’

‘कोरोमॉन माफी का मागतो?’

‘कारण तो हरला.’

मी काही बोलले नाही. बराच वेळ गेला. मग त्यांनीच स्वतःला दुरुस्त केलं. ‘नाही. हरला नाही तो. त्याला ढकललं होतं.’

त्यानंतर जे बाहेर आलं ते मी थोडक्यात लिहिते, कारण ते त्यांचं आहे. वडील स्वतः चांगले पोहणारे. मुलाने स्पर्धा जिंकाव्यात ही त्यांची फार इच्छा. दहाव्या वर्षी एका शर्यतीत मध्येच छाती भरून आली, हात चालेनात, आणि हा मुलगा दोरी धरून थांबला. परतताना गाडीत तो रस्ताभर ‘सॉरी बाबा’ म्हणत राहिला. बाबा काहीच बोलले नाहीत. ओरडले नाहीत, मारलं नाही. फक्त बोलले नाहीत. मालिकेत मात्र ताइची बोलतो. कोरोमॉनला तो सांगतो की चूक तुझी नव्हती, माझी होती.

ते एक वाक्य ऐकायला हा माणूस २३ वर्षं परत परत तिथे जात होता.

इथे मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. अशा मालिकेतला ‘संदेश’ शोधू नका. मैत्री मोठी, धैर्य मोठं, हे कुणालाही सांगता येतं आणि त्याने कुणाचं रडू आवरत नाही. तुमचा स्वतःचा अर्थ एखाद्या लहानशा जागी असतो, बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटाच्या प्रसंगात, आणि तो पुष्कळदा तुमच्या आवडत्या पात्राजवळ नसतोच. हे गृहस्थ आयुष्यभर स्वतःला ताइची समजत आले, रडत मात्र होते कोरोमॉनसाठी.

त्यांनी मला एक प्रामाणिक शंका विचारली. ‘हे सगळं त्या कार्टूनमध्ये खरंच आहे, की मीच घालतोय?’ मी त्यांना डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाबद्दल सांगितलं. लहान मूल एखादी गोधडी किंवा बाहुली सोडत नाही, तिच्याशिवाय झोपत नाही, त्या वस्तूवर त्यांनी १९५३ मध्ये एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. त्यात ते म्हणतात की ही गोष्ट तू मनाने रचलीस की तुला बाहेरून मिळाली, हा प्रश्न मुलाला विचारायचाच नसतो. ती दोन्ही असते, म्हणून तर तिचा आधार वाटतो. माझ्या मते ३३व्या वर्षीही हा प्रश्न विचारायची गरज नाही. प्रसंग लेखकांनी लिहिला, त्यातली गाडी आणि गाडीतली शांतता तुमची.

मला वाटलं होतं, काम इथेच संपत आलं. तिसऱ्या भेटीला ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता.

‘एक गोष्ट मी सांगितली नव्हती. तुमच्याकडे यायच्या आधीच्या आठवड्यात मी तो भाग तीन वेळा बघितला. मुलीला सायकल शिकवत होतो. बाजूची छोटी चाकं मी काढून टाकली. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, जमेल, चल, मी सोडतो. दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा गुडघा धरून माझ्याकडे बघून म्हणाली, सॉरी बाबा.’

समुपदेशकाने अशा वेळी धीर द्यायची घाई करू नये, असं मी शिकले आहे. ‘तुम्ही वाईट वडील नाही’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण ते मी आत ठेवलं. त्या क्षणी त्यांना ते ऐकायचं नव्हतं. आपण एकाच वेळी कोरोमॉनही आहोत आणि ताइचीही, हे त्यांना नुकतंच दिसलं होतं. ते नीट दिसू देणं जास्त गरजेचं होतं.

पुढच्या दोन भेटींत आम्ही मुलीला पुढे ढकलायच्या त्या घाईला एक नाव दिलं. कथनोपचारात, म्हणजे माणूस स्वतःची गोष्ट कशी सांगतो त्यावर काम करणाऱ्या उपचारात, ही पद्धत आहे. ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट यांनी १९८०च्या दशकात मुलांबरोबर काम करताना ती विकसित केली. अडचण म्हणजे माणूस नव्हे, अडचण माणसापासून वेगळी काढून समोर बसवायची, तिला नाव द्यायचं आणि ती कधी येते, कशावर पोसते हे विचारायचं. त्यांनी नाव ठेवलं ‘स्कल’. स्कल कधी येतो? दुसरं कुणी बघत असलं की. सायकलच्या वेळी कोण बघत होतं? शेजारचे दोघं, आणि त्यांची मुलं, जी बिनधास्त सायकल चालवत होती. स्कलला खाऊ कोण घालतं? यावर ते थोडे हसले. ‘मीच. पोट फुटेस्तोवर.’

मालिकेतला आणखी एक प्रसंग त्यांनी स्वतःहून आणला. विसाव्या भागात ताइचीला विजेच्या कुंपणातून जायचं असतं. आधी तो बेधडक असतो, कारण हे जग खेळासारखं आहे, इथे आपल्याला काही होणार नाही असं त्याला वाटतं. मग कळतं की इथे मेलो तर खरंच मरू, आणि त्याचे पाय जागीच खिळतात. मैत्रीण संकटात असते. तो घाबरतच हात पुढे करतो, आणि तेव्हा त्याचं धैर्याचं चिन्ह उजळतं. अगुमॉन मेटलग्रेमॉन होतो, या वेळी शुद्धीवर राहून. ‘१६व्या भागात पण तो शत्रूसमोर धावलाच होता,’ ते म्हणाले. ‘पण तिथे त्याला भीती दिसतच नव्हती. स्वतःची नाही आणि अगुमॉनचीही नाही.’ हे त्यांचं निरीक्षण, माझं नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

हीच मालिका घेऊन आलेली आणखी एक व्यक्ती मला आठवते. तिचा हात कोशिरोच्या गोष्टीपाशी थांबायचा. हा मुलगा दत्तक असतो, आई-वडिलांचं रात्रीचं बोलणं चुकून ऐकतो, आणि तेव्हापासून घरातही पाहुण्यासारखा नम्र वागतो, कॉम्प्युटरमध्ये तोंड खुपसून बसतो. ती स्वतः दत्तक नव्हती. पण दाराआड उभं राहून मोठ्यांचं बोलणं तिने खूप ऐकलं होतं. आणि असेही लोक आले ज्यांना कुठलाच असा प्रसंग सापडला नाही. त्यांना राक्षस आवडायचे, अजून आवडतात, एवढंच. मी त्यांना उकरत बसले नाही. आनंदाला कारण लागत नाही.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर तो भाग लावा, आणि हात थांबेल तिथे थांबा. मग तो प्रसंग कुणाला तरी तोंडी सांगा, किंवा एकट्याने बोलून स्वतःच ऐका. सांगताना कोणतं वाक्य घशात अडकतं तिकडे लक्ष द्या. ते वाक्य तेव्हा तुम्हाला कुणाकडून ऐकायचं होतं, हे लगेच कळलं नाही तरी चालेल. आणि आठवताना धडधड, घुसमट, झोप उडणं असं काही व्हायला लागलं तर एकट्याने खणत राहू नका, प्रशिक्षित माणसाबरोबर बसा.

शेवटच्या भेटीत मी वडिलांबद्दल विचारलं. ते अजून आहेत, थकले आहेत. गाडीतल्या त्या दिवसाबद्दल बोलणं झालेलं नाही आणि बोलायचं की नाही, हे या गृहस्थांनी ठरवलेलं नाही. मी घाई केली नाही.

मुलीशी मात्र ते बोलले होते. तिच्याशेजारी जमिनीवर बसून सांगितलं, ‘त्या दिवशी तू सॉरी म्हणालीस ना, ते मी म्हणायला हवं होतं. तू नको म्हणत होतीस, मी ऐकलं नाही.’ तिने विचारलं, ‘मग चाकं परत लावणार?’

त्यांनी लगेच पाना आणला. चाकं अजून आहेत.