नेट, वेब, ब्राउझर आणि गूगल: कशाला काय म्हणावे?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारले आहे: "ज्येष्ठ नागरिकांच्या संगणकवर्गात बाई 'ब्राउझर उघडा' म्हणतात, शेजारचे गृहस्थ त्यालाच 'गूगल उघडा' म्हणतात आणि घरी नात सांगते, 'आजोबा, आधी नेट चालू करा.' हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत का? आणि इंटरनेट व वेब या दोहोंना महाजाल म्हणणे योग्य आहे का?"

तिन्ही शब्द वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत आणि दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. जगभरातील संगणकांची लहानमोठी जाळी एकमेकांना जोडून जे मोठे जाळे तयार झाले, ते इंटरनेट. समुद्राखालून गेलेल्या केबल, मोबाइलचे टॉवर, सोसायटीच्या जिन्यातून आपल्या घरापर्यंत आलेली फायबरची वायर आणि या सर्वांनी पाळायचे संदेशवहनाचे नियम हे सारे त्यात आले. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेले अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे हे त्याचे मूळ. वेब ही मात्र या जाळ्यावर चालणाऱ्या अनेक सेवांपैकी एक सेवा आहे. एका पानावरील शब्दावर टिचकी मारली की दुसऱ्याच कुठल्या संगणकावरचे पान समोर यावे, ही तिची मूळ कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्येच, अर्पानेटवरून एका संगणकावरची ईमेल दुसऱ्या संगणकावर गेली होती. इंटरनेट हा रस्ता मानला, तर वेब ही त्यावरून धावणारी पीएमपीची बस आहे. त्याच रस्त्यावरून इतर वाहनेही जातात.

याचा पडताळा आपल्या फोनवरच घेता येतो. व्हॉट्सॲपवरून नातीला संदेश पाठवताना इंटरनेट लागते, पण ब्राउझर उघडावा लागत नाही. तेच व्हॉट्सॲप संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडले की त्याला 'व्हॉट्सॲप वेब' म्हणतात, ते याचसाठी. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा वेब आधीच रुळू लागले होते. दोन्ही गोष्टी आपल्याकडे हातात हात घालून आल्या आणि म्हणूनच त्यांच्या नावांची सरमिसळ झाली असावी, असे मला वाटते. महाजाल किंवा आंतरजाल हे शब्द इंटरनेटसाठी राखून ठेवावेत आणि वेबला वेबच म्हणावे. वेबसाइटसाठी संकेतस्थळ हा शब्द तर चांगलाच रुळला आहे, तो निःशंकपणे वापरावा.

आता ब्राउझर. वेबची पाने मागवून आपल्याला दाखवणारा प्रोग्राम म्हणजे ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज ही त्यांची नावे. गूगल हे एका कंपनीचे आणि तिच्या सर्च इंजिनचे, म्हणजे शोधयंत्राचे, नाव आहे. क्रोम हा ब्राउझर त्याच कंपनीचा असल्याने आणि उघडताच गूगलची शोधचौकट समोर येत असल्याने शेजारच्या गृहस्थांचा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. मात्र हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत 'पुणे महानगरपालिका' असे लिहिले, तर शोधयंत्र एक यादी देते आणि तिच्यात आरंभी जाहिरातीही असू शकतात. 'पीएमसी डॉट जीओव्ही डॉट इन' हा पत्ता रोमन लिपीत लिहिला, तर शोधयंत्र मध्ये न येता महापालिकेचे संकेतस्थळ उघडते. हा पत्ता उजवीकडून वाचावा: 'इन' म्हणजे भारत, 'जीओव्ही' म्हणजे सरकारी संस्था आणि 'पीएमसी' म्हणजे महापालिका. सुरुवातीचे 'https://' दिसत असेल तर ते सोडून, पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीच 'इन'नंतर पुन्हा डॉट देऊन आणखी काही लिहिलेले दिसले, तर ते संकेतस्थळ सरकारी नाही, असे समजून पैसे भरण्यापूर्वीच थांबावे.

नातीच्या 'नेट चालू करा'बद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपण कोणत्याही अडचणीला 'नेट गेले' म्हणून मोकळे होतो. 'रेंज नाही' म्हणजे फोनला मोबाइल टॉवरचा संकेत मिळत नाही. वायफाय हे घरातील राउटर, म्हणजे बाहेरून आलेले नेट घरातील फोन-संगणकांना वाटून देणारे यंत्र, आणि आपला फोन यांच्यामधले बिनतारी अंतर तेवढे जोडते. म्हणून रस्त्याच्या खोदकामात बाहेरची केबल तुटली, तरी फोनवर वायफायचे चिन्ह भरलेलेच दिसू शकते. 'वायफाय आहे, पण नेट नाही' हे वाक्य त्यामुळे अगदी अर्थपूर्ण आहे आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवताना ते नेमके असेच सांगावे. 'सर्व्हर डाउन आहे' हे खिडकीवर ऐकू येणारे वाक्य आणखी वेगळे. सर्व्हर म्हणजे मागणी आली की पाने किंवा माहिती पुरवणारा दूरचा संगणक. इतर संकेतस्थळे व्यवस्थित उघडत असतील आणि एकच अडून बसले असेल, तर बिघाड बहुधा त्या सर्व्हरकडे असतो. अशा वेळी घरचा राउटर बंद-चालू करत बसण्यापेक्षा थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.